सेशनमध्ये ठेवलेली कार्ट पुढच्या पानावर ओळख का विसरते?

ऐरोली_फलाट_दोन | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. वाशीच्या घाऊक बाजारातल्या एका आंबा व्यापाऱ्यांची ऑर्डर घ्यायची साइट गेल्या वर्षापासून मी एकटी सांभाळते. ग्राहक पेट्या निवडतो, त्या 'कार्ट' नावाच्या क्लासच्या (साच्याच्या) एका ऑब्जेक्टमध्ये (त्या साच्यातून बनलेल्या वस्तूत) जमा होतात आणि तो ऑब्जेक्ट थेट सेशनमध्ये, म्हणजे ग्राहकाची माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या साठ्यात, ठेवलेला आहे. कोड माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलाय. पंधरा दिवसांपूर्वी साइट पीएचपी ५.६ वरून ८.२ वर आणली, आणि तेव्हापासून दोन प्रकार चालू आहेत.

पहिला: पेट्या निवडल्या, कार्टचं पान व्यवस्थित. ग्राहक 'मागील ऑर्डरी' बघायला गेला की ते पान कोसळतं. अपुऱ्या ऑब्जेक्टवर मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) चालवायचा प्रयत्न झाला, अशा अर्थाचा एरर येतो. पण व्हार_डंप करून (म्हणजे आत काय आहे ते छापून) बघितलं तर आतला माल जसाच्या तसा दिसतो! दोन पेट्या देवगड, एक रत्नागिरी, भाव, नग, सगळं. माल आहे, पण ती कार्ट आहे हे पीएचपीला मान्य नाही.

दुसरा: काही ग्राहकांची कार्ट साफ रिकामी होते आणि लॉगिनही जातं. सगळ्यांची नाही. कुणाची जाते नि कुणाची राहते, याचा काही ताळमेळ लागत नाही.

ऐन हंगाम आहे. आज दिवसभरात चार फोन आले. कुणी याच वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

सानपाडा_सिग्नल | सोमवार, रात्री ११.२२

सेशनची मुदत संपत असेल. जीसी_मॅक्सलाइफटाइम १४४० सेकंद असतं, म्हणजे २४ मिनिटं. वाढवून बघा.

ऐरोली_फलाट_दोन | सोमवार, रात्री ११.२५

ते आधी बघितलं. हे दोन मिनिटांतही होतं.

पारसिकचा_बोगदा | सोमवार, रात्री ११.४८

पहिल्या प्रकाराचं कारण ८० टक्के माहीत आहे असं समजा. 'मागील ऑर्डरी'च्या फाइलमध्ये सेशन_स्टार्ट (सेशन उघडणारी ओळ) आधी आहे की कार्ट क्लासची फाइल जोडणं आधी आहे? फक्त क्रम बघा आणि इथे लिहा.

घणसोली_रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५१

शिवाय सेशन.ऑटो_स्टार्ट चालू नाही ना? ते चालू असेल तर तुमच्या कोडची पहिली ओळ यायच्या आतच सेशन उघडलेलं असतं. मग क्लास कुठेही जोडा, उशीरच.

ऐरोली_फलाट_दोन | मंगळवार, सकाळी ७.५०

ऑटो_स्टार्ट बंद आहे. क्रम मात्र बोगदादादांनी विचारला तसाच निघाला. बाकी सगळ्या पानांत क्लास आधी आणि सेशन नंतर. या एकाच पानात हेडरची फाइल वर आहे, तिच्यात सेशन_स्टार्ट आहे, आणि क्लास तिच्याखाली. क्रम बदलल्यावर पान चाललं!

पण मग माझा प्रश्न असा की जुन्या सर्व्हरवर हेच पान, याच क्रमाने, सात-आठ वर्षं कसं चाललं? तिथे तर कधी कोसळलं नव्हतं.

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, सकाळी ९.१५

(लोकलमधून लिहितोय, ठाण्याला उतरल्यावर उरलेलं.)

सेशनमध्ये ऑब्जेक्ट राहत नाही. ही एक गोष्ट नीट बसली की बाकीचं आपोआप सुटतं. पान संपताना पीएचपी त्या ऑब्जेक्टचं एका लांब मजकुरात रूपांतर करतं (यालाच सीरिअलाइझ करणं म्हणतात): क्लासचं नाव, प्रॉपर्टींची नावं, त्यांच्या किमती. बस. मेथड त्यात नसतात. पुढच्या पानावर सेशन_स्टार्ट झालं की त्या मजकुरावरून ऑब्जेक्ट पुन्हा उभा केला जातो.

दौऱ्यावरच्या नाटकाचा ट्रक डोळ्यांसमोर आणा. नेपथ्याचे तुकडे, दारं, खिडक्या, सोफा, सगळ्यांवर नाटकाचं नाव आणि नंबर टाकलेले. ट्रक नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी लागला, सामान उतरलं, पण कुठला तुकडा कुठे जोडायचा हे ज्याला माहीत आहे तो माणूस अजून आलेला नाही. सामान पूर्ण आहे, वाडा उभा राहत नाही. सेशन उघडताना क्लास माहीत नसला तर पीएचपी नेमकं हेच करतं. सगळा माल 'इनकम्प्लीट क्लास' नावाच्या एका तात्पुरत्या क्लासमध्ये भरून ठेवतं आणि मूळ नावाची चिठ्ठी आत ठेवतं. म्हणून तुम्हाला व्हार_डंपमध्ये पेट्या दिसल्या.

नंतर क्लासची फाइल जोडून उपयोग नसतो. उभारणीची वेळ सेशन_स्टार्टच्या क्षणीच निघून गेलेली असते.

खारघर_टेकडी | मंगळवार, सकाळी ९.४०

यात एक चांगली बाजू आहे. त्या पानाने कार्टला हातच लावला नाही, तर पान संपताना पीएचपी ती मूळ क्लासच्या नावानेच परत लिहून ठेवतं. पुढच्या पानावर क्लास वेळेत आला की कार्ट धडधाकट. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, सकाळी १०.३०

टेकडीचं बरोबर आहे. आता जुन्या सर्व्हरचा प्रश्न. ताई, त्या पानात कुठेतरी इज_ऑब्जेक्टची तपासणी आहे का? म्हणजे 'सेशनमधली कार्ट ऑब्जेक्ट नसेल तर नवी बनव' अशा अर्थाची?

ऐरोली_फलाट_दोन | मंगळवार, सकाळी १०.५५

आहे! प्रत्येक पानावर आहे. तुम्हाला कसं कळलं?

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, सकाळी ११.२०

कारण मी स्वतः यात आठवडा घालवलाय. पीएचपी ७.२ च्या आधी इज_ऑब्जेक्ट हे अपुऱ्या ऑब्जेक्टला 'नाही' म्हणायचं. ७.२ पासून 'हो' म्हणतं.

आता जुन्या सर्व्हरवर काय घडत होतं ते जुळवा. ग्राहक 'मागील ऑर्डरी'वर आला. कार्ट अपुरी उभी राहिली. इज_ऑब्जेक्ट म्हणालं, नाही. तोवर क्लासची फाइल आलेली होती, म्हणून तुमच्या कोडने कोरी करकरीत कार्ट बनवली आणि जुनीच्या जागी ठेवली. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ग्राहकाच्या पेट्या गेल्या.

८.२ वर इज_ऑब्जेक्ट हो म्हणतं, कोड पुढे जातो, मेथड बोलावतो आणि कोसळतो. दोष पहिल्या दिवसापासून होता. नव्या व्हर्जनने तो फक्त बोलून दाखवला.

ऐरोली_फलाट_दोन | मंगळवार, सकाळी ११.३५

हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. गेल्या वर्षी ग्राहकांच्या तक्रारी होत्या की निवडलेल्या पेट्या गायब होतात. मला आधीच्या कामाच्या कागदांत हेच सांगितलेलं होतं की ग्राहक मागे जायचं बटण दाबतात म्हणून तसं होतं. मीही दोघातिघांना तेच उत्तर दिलं होतं.

तलावपाळी | मंगळवार, दुपारी १.०५

ताई, मनाला लावून घेऊ नका, कारण ते शोधायला लागणारी खूणच कुठे उमटत नव्हती.

दीर्घकालीन उपाय सांगते. पानापानांतला क्रम जपण्यापेक्षा ऑटोलोडर लावा. एसपीएल_ऑटोलोड_रजिस्टर, किंवा कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) असेल तर त्याचाच, आणि तो सेशन_स्टार्टच्या आधी जोडा. मग मजकुरात क्लासचं नाव दिसलं की पीएचपी स्वतःच ती फाइल शोधून आणतं. बोगदादादांच्या भाषेत, नेपथ्यवाल्याला फोन जातो आणि तो येईपर्यंत ट्रक उतरवत नाहीत.

महापे_सातवा_मजला | मंगळवार, दुपारी १.४०

मी वेगळं मत मांडतो. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवूच नये. वाणाचा आयडी आणि नग, एवढाच साधा अ‍ॅरे ठेवायचा. कार्ट दर पानावर त्यातून नव्याने बनवायची.

मी जावावाला आहे, आमच्याकडे याच दुखण्याचं दुसरं रूप होतं. टॉमकॅट (आमचा जावाचा सर्व्हर) नीट बंद केला की चालू सेशन फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि सुरू झाल्यावर परत वाचायचा. दर रिलीजला आम्ही एखाद्या क्लासमध्ये फील्ड वाढवायचो. सीरिअल व्हर्जन यूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा आकडा) हाताने दिलेला नसला तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढतं. रचना बदलली, आकडा बदलला, आणि जुनं सेशन वाचताना इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन. शुक्रवारी रात्री रिलीज आणि शनिवारी सकाळी सगळे वापरकर्ते लॉगआउट. सहा महिन्यांनी आम्ही सेशनमधून सगळे ऑब्जेक्ट काढले, तेव्हापासून शांत झोप लागते.

तलावपाळी | मंगळवार, दुपारी २.१०

सातवा मजला, पीएचपी त्याबाबतीत उदार आहे. क्लासमध्ये नवी प्रॉपर्टी वाढली तर जुन्या सेशनच्या ऑब्जेक्टमध्ये तिची ठरलेली किंमत येते आणि काम चालतं.

महापे_सातवा_मजला | मंगळवार, दुपारी २.२५

ठरलेली किंमत लिहिलेली असेल तर. पीएचपी ७.४ पासून प्रॉपर्टीला प्रकार देता येतो. प्रकार दिला आणि किंमत दिली नाही, तर कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नव्याने बनताना चालणारी मेथड) ती भरेल असं आपण धरून चालतो. पण सेशनमधून उभं राहताना कन्स्ट्रक्टर चालतच नाही! ती प्रॉपर्टी वाचायला गेलात की 'किंमत भरण्याआधी वाचली' असा एरर. मग वेकअपमध्ये (ऑब्जेक्ट परत उभा राहताना चालणाऱ्या मेथडमध्ये) भरा, किंवा ७.४ मध्ये आलेल्या नव्या अनसीरिअलाइझ मेथडमध्ये भरा. एवढं जपण्यापेक्षा अ‍ॅरे बरा.

तलावपाळी | मंगळवार, दुपारी २.४०

हे मान्य. कन्स्ट्रक्टर चालत नाही हे नव्या मुलांना हमखास माहीत नसतं.

कोपरी_पूर्व | मंगळवार, दुपारी ३.३०

माझा अनुभव. दुसऱ्या एका कंपनीच्या सेवेकडून एक्सएमएलमध्ये दर यायचे, त्यातला एक आकडा मी सेशनमध्ये ठेवला. पान पूर्ण छापलं जायचं आणि तळाशी फेटल एरर: सिंपलएक्सएमएलएलिमेंट सीरिअलाइझ करता येत नाही. फाइलचं नाव 'अननोन', ओळ ०. सगळा कोड पालथा घातला.

मी ज्याला आकडा समजत होतो तो आकड्यासारखा छापला जाणारा ऑब्जेक्ट होता. आणि सेशन लिहिलं जातं पान संपल्यावर, त्या वेळी तुमची कुठलीच ओळ चालू नसते, म्हणून ओळ ०. आधी स्ट्रिंगमध्ये बदलून ठेवला आणि सुटलो. ओळ ० दिसली की पहिला संशय सेशनवर घ्या. पीडीओचं (डेटाबेसचं) कनेक्शन किंवा क्लोझर (निनावी फंक्शन) चुकून ऑब्जेक्टच्या आत राहिलं तरी असाच एरर येतो. तिथे स्लीप मेथडमध्ये (ती सीरिअलाइझ होण्याआधी चालते) फक्त ठेवायच्या प्रॉपर्टींची नावं द्यायची.

जुईनगर_जंक्शन | मंगळवार, दुपारी ४.००

डॉटनेटमध्ये आमची उलटी कथा. सेशन इनप्रॉक असताना ऑब्जेक्ट थेट मेमरीतच राहतो, काहीही ठेवा, चालतं. दोन सर्व्हर झाले, स्टेट सर्व्हरवर (सेशन बाहेर वेगळं ठेवणाऱ्या सेवेवर) गेलो आणि प्रत्येक क्लासवर सीरिअलायझेबलची खूण आहे का ते शोधत फिरलो. चाळीसेक क्लास होते.

घणसोली_रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

जॅंगोवाल्यांनी (पायथनचं वेब फ्रेमवर्क) १.६ मध्येच, २०१३ साली, सेशनसाठी पिकल (पायथनची स्वतःची सीरिअलाइझ करायची पद्धत) सोडून जेसॉन (साध्या मजकुराचा सर्वसामान्य प्रकार) हा मूळ पर्याय केला. तिथे अंकाची की ठेवली तर परत येताना ती स्ट्रिंग होऊन येते, एवढं लक्षात ठेवायचं.

बाकी ठाण्यात कुणी शनिवारी मामलेदारला मिसळ खायला येणार आहे का? आठला भेटू, नंतर रांग लागते.

कोपरी_पूर्व | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मी येतो. मध्यम तिखट सांगायची, पहिल्यांदा येणाऱ्यांनी तिखटाच्या वाटेला जाऊ नये.

खारघर_टेकडी | मंगळवार, रात्री ८.४५

मिसळीवरून परत येऊ या. ताईंचा दुसरा प्रकार अजून तसाच आहे. काहींची कार्ट रिकामी आणि लॉगिनही जातं. म्हणजे फक्त कार्ट नाही, अख्खं सेशन वाचता येत नाहीये. ताई, सेशन फाइलमध्ये आहे की डेटाबेसमध्ये? लॉगमध्ये 'सेशन डीकोड करता आलं नाही, सेशन नष्ट केलं' अशी वॉर्निंग आहे का?

ऐरोली_फलाट_दोन | मंगळवार, रात्री ९.१०

डेटाबेसमध्ये. मायएसक्यूएलचं एक टेबल आहे. आणि हो, ती वॉर्निंग आहे! कालपासून ३१ वेळा.

खारघर_टेकडी | मंगळवार, रात्री ९.१८

ज्यांचं सेशन गेलं त्यांनी पत्ता मराठीत लिहिला होता का?

ऐरोली_फलाट_दोन | मंगळवार, रात्री १०.०२

पंधरा जणांचं तपासलं. पंधराच्या पंधरा मराठीत. इंग्रजीत पत्ता लिहिणाऱ्या एकाचंही गेलेलं नाही. पत्ता कार्ट ऑब्जेक्टच्याच एका प्रॉपर्टीत राहतो.

खारघर_टेकडी | मंगळवार, रात्री १०.४०

मग सापडलं. सविस्तर लिहितो, कारण मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

सीरिअलाइझ केलेल्या मजकुरात प्रत्येक स्ट्रिंगच्या आधी तिची लांबी लिहिलेली असते, आणि ती बाइटमध्ये असते, अक्षरांमध्ये नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. 'ठाणे' म्हणजे ठ, काना, ण, मात्रा, अशी ४ चिन्हं, १२ बाइट. 'नेरुळ' म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. काना-मात्राही वेगळे मोजले जातात.

तुमच्या टेबलाचा कॉलम बहुधा लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा कॅरेक्टर सेट) आहे. जुन्या सर्व्हरवर कनेक्शनही लॅटिन१ असणार. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून मायएसक्यूएल बाइट न बघता आत घ्यायचं नि न बघता परत द्यायचं. नव्या सर्व्हरवर तुम्ही कनेक्शन यूटीएफ-८ केलंत, जे योग्यच आहे. आता मायएसक्यूएल रूपांतर करायला जातं. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. 'नेरुळ'चे झाले पाच प्रश्नचिन्ह, ५ बाइट. लांबी मात्र अजून १५ लिहिलेली. वाचताना पीएचपी १५ बाइट मोजून पुढे जातं, तिथे अवतरणचिन्ह सापडत नाही, आणि ते सगळं सेशन टाकून देतं.

हे होताना मायएसक्यूएलने एरर द्यायला हवा होता. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारा) मूळचाच चालू असतो. कुणीतरी तो बंद केलेला असेल.

उपाय: कॉलम ब्लॉब करा, शक्यतो मीडियमब्लॉब, कारण साधा ब्लॉब ६५,५३५ बाइटला संपतो. ब्लॉबला कॅरेक्टर सेट नसतो, बाइट जसेच्या तसे राहतात. सीरिअलाइझ केलेला मजकूर हा वाचायचा मजकूर नाही, तो बाइटांचा गठ्ठा आहे, त्याला टेक्स्ट कॉलममध्ये ठेवायचंच नाही.

वागळे_इस्टेट | मंगळवार, रात्री ११.००

पोस्टग्रेसवाल्यांसाठी जोड. प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड प्रॉपर्टींच्या नावात पीएचपी शून्य बाइट घालतं. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलमला शून्य बाइट चालतच नाही. तिथे बाइटए वापरा.

सानपाडा_सिग्नल | मंगळवार, रात्री ११.१२

एवढी भानगड आहे तर कार्ट सीरिअलाइझ करून कुकीतच ठेवली तर? सर्व्हरवर काहीच नको.

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, रात्री ११.१५

नको, कृपा करून नको. कुकी ग्राहकाच्या हातात असते. तो तिच्यात हवं ते लिहू शकतो, आणि तुम्ही ते अनसीरिअलाइझ केलंत की तुमच्याकडच्या कुठल्याही क्लासचा ऑब्जेक्ट त्याला हव्या त्या किमतींनी उभा राहतो. वेकअप आणि डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी) मेथड आपोआप चालतात. एखाद्या डिस्ट्रक्टरमध्ये फाइल पुसायचा कोड असला तर कुठली फाइल पुसायची ते तो ठरवेल. ७.० पासून कुठले क्लास चालतील याची यादी देता येते, पण बाहेरून आलेल्या गोष्टीसाठी जेसॉनच वापरा.

सानपाडा_सिग्नल | मंगळवार, रात्री ११.१९

समजलं. हे माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं.

महापे_सातवा_मजला | बुधवार, सकाळी ८.३०

माझ्या मुद्द्यावर परत येतो, आणि आता आंब्यावरूनच. कार्टच्या ऑब्जेक्टमध्ये भावही गोठतो. सकाळी ग्राहकाने पेटी निवडली तेव्हाचा भाव सेशनमध्ये, दुपारी आवक वाढून भाव उतरला तरी त्याला सकाळचाच. फक्त आयडी आणि नग ठेवला तर भाव दर वेळी ताजा येईल.

तलावपाळी | बुधवार, सकाळी ९.०५

आणि भाव चढला तर? ग्राहकाने ज्या भावाला पाहून पेटी उचलली, पैसे भरताना त्याला वेगळा आकडा दाखवायचा? माझे वडील भाजी विकायचे. गिऱ्हाईकाला सांगितलेला भाव ते फिरवत नसत. भाव ठेवायचा की नाही हे व्यापाऱ्यांनी ठरवावं, सेशनच्या सोयीने ठरू नये.

महापे_सातवा_मजला | बुधवार, सकाळी ९.२०

हे पटलं. मग भावही अ‍ॅरेत ठेवा, सोबत तो केव्हाचा ते ठेवा. पण अ‍ॅरेतच.

ऐरोली_फलाट_दोन | बुधवार, रात्री १०.३०

आज झालेलं सांगते. कॉलम मीडियमब्लॉब केला. स्ट्रिक्ट मोड खरंच बंद होता, चालू केला. ऑटोलोडर लावला आणि सेशन_स्टार्ट एकाच फाइलमध्ये, त्याच्या नंतर. दिवसभरात डीकोडची वॉर्निंग एकदाही नाही. घरून मराठीत 'घणसोली, सेक्टर ७' असा पत्ता टाकून ऑर्डर केली, आरपार गेली.

व्यापाऱ्यांना भावाचं विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशीच्या ऑर्डरीला दाखवलेलाच भाव, दुसऱ्या दिवशी नवा. तसं करणार आहे. अ‍ॅरेचं काम पावसाळ्यात, हंगामात एवढ्या मोठ्या कोडला हात लावायची हिंमत नाही.

वागळे_इस्टेट | बुधवार, रात्री १०.४४

ते करताना कार्ट क्लास लगेच पुसू नका. ज्यांच्या सेशनमध्ये जुनी कार्ट असेल त्यांचं पुन्हा अपुऱ्या ऑब्जेक्टवर येईल. जुना क्लास सेशनची मुदत उलटेपर्यंत राहू द्या. आणि तुमच्या डेटाबेसच्या हँडलरमध्ये (सेशन वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कोडमध्ये) लॉक (एका वेळी एकालाच सेशन उघडू देणारं कुलूप) आहे का तेही बघा. फाइलच्या सेशनला पीएचपी स्वतः लॉक लावतं, हाताने लिहिलेल्या हँडलरमध्ये तो आपण लावायचा असतो. नसेल तर दोन टॅबमध्ये पेट्या टाकणाऱ्याची एका टॅबमधली पेटी दुसरा टॅब पुसून टाकेल.

ऐरोली_फलाट_दोन | बुधवार, रात्री ११.०५

लॉक नाहीये, आत्ताच बघितलं. उद्याचं काम ठरलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक राहिलं. जुन्या तक्रारींची वही आज काढली. पेट्या गायब होतात म्हणणाऱ्या ११ जणांचे नंबर त्यात आहेत. नेरुळच्या एक आजी आहेत, त्या तेव्हापासून साइट सोडून फोनवरच ऑर्डर देतात. उद्या दुपारी एकेकाला फोन करून सांगणार आहे की तुमचं काही चुकलं नव्हतं.

तलावपाळी | बुधवार, रात्री ११.०९

आजींना आधी करा.